कलेला घाबरणारा समाज

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन तीन दिवसांवर आले होते. सांगली जिल्ह्यातल्या एका गावातली ही उर्दू माध्यमाची शाळा. वर्ग पहिली ते आठवी. आठवीच्या मुलींनी आपल्या आपण एक छोटे नाटक रचले होते. नळाला तासभर पाणी येते, घागरींची रांग लागते, भांडण जुंपते आणि शेवटी सरपंचबाई येऊन रांगेचा नियम ठरवून देतात, एवढीच गोष्ट. सरपंचबाईंचे काम वर्गातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या मुलीने मागून घेतले होते. तालमीत ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली की सगळा वर्ग चिडीचूप होई.

त्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. दारातच उभे राहून म्हणाले, "टीचर, हमारी छोरी कू स्टेजपो नक्को चढाओ. नाटक-बिटक अपने में नहीं चलता."

मी म्हटले, "भाईजान, पानी भरने का नाटक है. गाना नहीं, नाच नहीं."

ते म्हणाले, "वो सब ठीक है टीचर, पन लोगां क्या बोलेंगे?"

वाचकहो, हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा. धर्माचे नाव घेऊन आलेला माणूस दोन वाक्यांत लोकांवर येऊन थांबला. याच घरात तीन महिन्यांपूर्वी थोरल्या मुलीचे लग्न झाले होते. मीही दावतीला गेले होते. गल्लीच्या तोंडाशी डीजे लावला होता, त्याच्या दणक्याने खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या आणि त्यापुढे पोरे रात्री उशिरापर्यंत नाचत होती. त्या रात्री धर्म काय म्हणतो हे कोणी कोणाला विचारले नाही. तेव्हाही 'लोगां क्या बोलेंगे' हाच प्रश्न होता. फक्त त्या दिवशी लोकांना डीजे हवा होता.

माझा वाद त्या गृहस्थांशी नाही. ते कष्टाळू, सज्जन माणूस आहेत. माझा वाद आपल्या समाजात मुरलेल्या एका समजुतीशी आहे. कला म्हणजे पोट भरल्यावरची चैन, इज्जतीला धोका आणि दीनपासून दूर नेणारी वाट, अशी ही समजूत आहे. वर्गात रोज पन्नास मुले पाहणारी शिक्षिका म्हणून मी सांगते, या समजुतीने आपल्या मुलांचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे गणिताच्या कच्चेपणानेही केलेले नाही.

बी.एड.ला असताना 'सामाजिकीकरण' या विषयावर हमखास टीप येई. कुटुंब, समवयस्कांचा गट, शाळा, धर्मसंस्था, प्रसारमाध्यमे ही साधनांची यादी आम्ही पाठ करून ठेवली होती. माणसाचे पिल्लू समाजात राहायला कसे शिकते, याचे उत्तर त्या यादीत होते. कला मात्र त्यात नव्हती. ती पुढे कुठेतरी 'सहशालेय उपक्रम' या मथळ्याखाली सहल आणि खेळ यांच्या शेजारी बसवलेली होती. नोकरीत आल्यावर मला कळले की आमच्या नोट्स अपुऱ्या होत्या. आईच्या मांडीवरचे मूल भाषा समजण्याआधी अंगाईची लय समजते. टाळ्यांच्या खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकते. आजी लग्नाच्या ढोलकीवर जी गाणी म्हणते त्यांतून मुलीला नात्यागोत्याचा सगळा नकाशा कळतो: सासू कोण, नणंद कोण, कोणाची थट्टा चालते, कोणाची नाही. समाज ही गोष्ट मुलाला प्रथम व्याख्येतून कळत नाही. ती गाण्यातून, खेळातून आणि सोंगातून कळते.

माझ्याच वर्गातले एक उदाहरण देते. सहावीतला एक मुलगा, वर्गात नव्याने आलेल्या तोतऱ्या मुलाची रोज नक्कल करी. मी रागावले, वर्गाबाहेर उभे केले, घरी चिठ्ठी पाठवली. काही फरक पडला नाही. पुढे एका धड्याचे नाट्यीकरण करताना मी त्यालाच परगावाहून आलेल्या, इथली बोली न येणाऱ्या पोराची भूमिका दिली. बाकीच्यांनी त्याला हसायचे होते. तालमीत ते मनापासून हसले आणि हा पठ्ठ्या रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवसापासून नक्कल बंद झाली असे मी म्हणणार नाही. पण ती कमी झाली, आणि एकदा तर त्यानेच दुसऱ्या एकाला दटावले. जे माझ्या छडीला आणि नीतिकथांना जमले नाही ते पाच मिनिटांच्या सोंगाने केले. दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे म्हणजेच समाजात राहणे, आणि ते शिकवण्याचे कलेइतके स्वस्त साधन शाळेपाशी दुसरे नाही.

आता 'अपने में नहीं चलता' या वाक्याकडे येऊ. आपल्यात म्हणजे कोणात? मी राहते त्या भागात मिरज आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली हत्यारांचा धंदा बसला तेव्हा इथल्या शिकलगार घराण्यांनी तलवारींना धार लावणारे हात तंतुवाद्यांकडे वळवले. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे आणून त्यांनी सतारी आणि तंबोरे घडवले. आजही ही घराणी हे काम करतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये वारले ते याच गावी मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते, देशभरचे गवई येऊन हजेरी लावतात. त्याच उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाकडून चढतो. खाँसाहेबांची कन्या हिराबाई बडोदेकर यांनी स्त्रीने मैफलीत मानाने बसून गाण्याची वाट महाराष्ट्रात रुंद केली. आमच्याच जिल्ह्यातल्या कडेगावी मोहरमला उंचच उंच ताबूत निघतात, त्यांतले काही हिंदू घराण्यांचे असतात, आणि ताबुतांच्या भेटी पाहायला गावोगावची माणसे लोटतात. बांबू, कागद आणि सुतळी यांच्या त्या कामात कोण काय बांधणार, कोण उचलणार, कोण पुढे चालणार, हे गाव पिढ्यान्‌पिढ्या शिकत आले आहे. यालाच तर आमच्या बी.एड.च्या भाषेत सामाजिकीकरण म्हणतात!

आणखी मागे जायचे तर 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद आहेत, लावण्या-पोवाडे रचणारा सगनभाऊ आहे. अलीकडे यायचे तर बार्शीत १९१६ मध्ये जन्मलेले शाहीर अमर शेख आहेत. अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकातून त्यांनी गिरणगाव जागवला आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने सभा उभ्या राहिल्या. डफावर थाप मारणाऱ्या त्या माणसाला महाराष्ट्राने 'तू आमचा का?' असे विचारले नाही. डफच त्याचे उत्तर होते.

ही यादी मी अभिमानासाठी वाचली नाही. पूर्वजांची नावे भाषणात घ्यायची आणि घरी येऊन पोरीला पडद्याआड बसवायची, हा ढोंगीपणा आपल्याकडे भरपूर झाला. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण गंगाजमनी संस्कृतीवर परिसंवाद घेत आलो आहोत. मी विचारते, त्या संस्कृतीत आज आपली मुले काय करतात? ज्या प्रदेशात सतार घडते तिथल्या माझ्या शाळेत कवायतीच्या ढोलाखेरीज एक वाद्य नाही. वाद्य आपल्या हाताने घडवायचे आणि आपल्या मुलाच्या हाती द्यायचे नाही, याला काय म्हणावे?

"पण शरीयत?" असा प्रश्न येणारच, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी मुफ्ती नाही. वाद्ये आणि सजीवांची चित्रे यांबाबत आलिमांमध्ये मतभेद आहेत, काहींचे मत कडक आहे, आणि श्रद्धेने ते पाळणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. पण मतभेद आहेत, हेही तितकेच खरे. इमाम गझालींसारख्या थोर आलिमाने 'इह्या उलूमुद्दीन' मध्ये समा या विषयावर स्वतंत्र प्रकरण लिहून गाणे ऐकणे कोणत्या अटींवर योग्य आणि कोणत्या स्थितीत अयोग्य याची चर्चा केली आहे. चिश्ती बुजुर्गांच्या खानकाहीत समा चालत असे. म्हणजे ज्यांच्या दीनदारीबद्दल कोणाला शंका नाही त्यांनी या प्रश्नाचा विचार केला, तो 'नक्को' म्हणून उडवून लावला नाही. शिवाय नळावरच्या भांडणाच्या नाटकात ना वाद्य होते, ना मूर्ती. किरअतीच्या स्पर्धेत आवाज कुठे थांबावा, कुठे ओढावा याचा कसून रियाज होतो; नातखाँ मुलगा चालीसाठी जीव टाकतो; खुशखत लिहिणारा एका नुक्त्याच्या जागेसाठी तास घालवतो. ही साधना आपल्या घरांत आहेच. तिला कला म्हणायचे नसेल तर म्हणू नका, पण तिच्यामुळे मुलगा सभेत धीट होतो हे तरी मान्य करा. मग हाच धीटपणा मुलीला नळावरच्या नाटकातून मिळाला तर आभाळ कोसळते का?

विरोधकांचे एक म्हणणे मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. पुष्कळ शाळांच्या संमेलनांत सिनेमातल्या उथळ गाण्यांवर लहान लहान मुलींना भडक रंगरंगोटी करून नाचवतात आणि खाली बसलेले पाहुणे शिट्ट्या मारतात. हे पाहून कोणत्याही बापाचे डोके फिरेल; माझेही फिरते. पण घाणेरड्या पाण्यावर उपाय पाणी बंद करणे हा नसतो. आणि गंमत अशी की पाणी बंद झालेलेच नाही. ज्या घराला शाळेतल्या दहा मिनिटांच्या नाटकाची भीती वाटते त्याच घरात रात्री बारापर्यंत मोबाइलवर रील चालतात. मुलाला कलेपासून वाचवल्याचे समाधान बाप मानतो आणि मूल एकटेच कोपऱ्यात बसून दुनियाभरचा गाळ उपसत असते. तिथे शिक्षक नाही, सोबती नाही, पाळी येईपर्यंत थांबणे नाही, चुकल्यावर सावरून घेणारे कोणी नाही. माणसांत बसवणारी कला आपण बंद केली आणि माणसांतून उठवणारी करमणूक दारातून आत घेतली.

आता दुसऱ्या बाजूकडे वळते, कारण सगळा दोष मोहल्ल्याचा नाही. एकात्मतेचा देखावा असला की टोपी आणि शेरवानी घातलेला एक 'मुसलमान' लागतोच. तो कोणाच्या तरी हातात हात देऊन उभा राहतो, टाळ्या घेतो आणि खाली उतरतो. त्याला संवाद नसतो. मराठी पडद्यावरचा मुसलमान पहा: एक तर तो जिवाला जीव देणारा इमानी पठाण, नाही तर गुंड. वीजबिलाची चिंता करणारा, पोरीच्या बारावीच्या निकालाने हरखणारा, जिल्हा परिषदेत नोकरी करणारा मुसलमान तिथे क्वचितच दिसतो. ज्याला आपण शेजारी पाहिले नाही त्याचे चित्र मनात दुसरेच कोणीतरी काढून ठेवते.

चित्र किती महाग पडू शकते हे आम्ही सप्टेंबर २००९ मध्ये पाहिले. मी तेव्हा पदवीच्या वर्गात होते. गणेशोत्सवातल्या कमानीवरील अफझलखान वधाच्या चित्रावरून मिरजेत वाद पेटला, दंगल झाली, संचारबंदी लागली आणि लोण सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत गेले. पहिला दगड कोणाचा, याची चर्चा मला करायची नाही. मला त्या चित्राबद्दल बोलायचे आहे. प्रतापगडाच्या त्या प्रसंगात खानाच्या बाजूने कृष्णाजी भास्कर होता आणि महाराजांच्या निवडक माणसांत सिद्दी इब्राहीम होता. हे ज्याला वर्गात, नाटकात, पोवाड्यात नीट समजले आहे त्याला ते चित्र दोन राजवटींच्या लढाईचे वाटेल. ज्याला समजलेले नाही त्याला ते शेजाऱ्याशी लढण्याचे निमंत्रण वाटेल, मग तो कमानीच्या या बाजूला असो की त्या. ज्या गावाच्या नावाने तंबोरा ओळखला जातो त्या गावाचे सूर एका चित्रावरून बिघडले. कला जोडते असे गोड बोलून चालणार नाही. कला तोडतेही. म्हणूनच ती कोणाच्या हाती आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपण मंच रिकामा ठेवला म्हणून तो रिकामा राहत नाही. आपल्या हाती कुंचला नसेल तर आपले चित्र दुसरा काढणार, आणि ते त्याच्या मर्जीने काढणार.

मकबूल फिदा हुसेन यांचे उदाहरण दोन्ही बाजूंनी आरसा धरते. १९१५ मध्ये पंढरपुरात जन्मलेला, सिनेमाची पोस्टरे रंगवून वर आलेला हा माणूस. हिंदुत्ववादी संघटनांनी चित्रांवरून खटले आणि हल्ले यांनी त्यांना एवढे जेरीस आणले की २००६ मध्ये त्यांनी देश सोडला आणि २०११ मध्ये लंडनमध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या बाजूने आपण हळहळलो, ते योग्यच. पण २००४ मध्ये त्यांच्या 'मीनाक्षी' चित्रपटातील एका कव्वालीवर मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला आणि चित्रपट चित्रगृहांतून उतरवावा लागला, तेव्हा आपल्यापैकी किती जण बोलले? कलावंताला गप्प करण्यात दोन्हीकडच्या ठेकेदारांचे एकमत असते.

आणि सरकार? राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने दहावीपर्यंत कलाशिक्षण हा रीतसर विषय असावा असे सांगितले. शिक्षण हक्क कायदा २००९ ने सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेला कलेसाठी अर्धवेळ निदेशक देऊ केला. त्यानंतर २०१५ मध्ये महाराष्ट्रात कला-क्रीडेसाठी अतिथी शिक्षक नेमून तासिकेला पन्नास रुपये मानधन देण्याचा निर्णय निघाला. पन्नास रुपयांत रंगाची एक बरी पेटी येत नाही, तिथे चित्रकार कुठून येणार? माझ्या शाळेच्या वेळापत्रकात 'चित्रकला' असे लिहिलेले आहे आणि त्या तासाला गणिताची उजळणी होते. उजळणी मीच घेते. या लेखात आरोपी शोधायचे तर मलाही रांगेत उभे करा.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवते. एक, चित्रकलेचा तास चित्रकलेलाच द्यावा. मी या वर्षापासून सुरुवात केली आहे. दोन, एकाच गावातल्या उर्दू आणि मराठी शाळांनी वर्षातून एक नाटक मिळून करावे. एका वाटेने शाळेत जाणारी ही मुले सातवी-आठवीपर्यंत एका बाकावर कधी बसतच नाहीत. निदान तालमीत भांडतील, एकमेकांचे संवाद पाठ करतील, एकमेकांच्या डब्यातले खातील. तीन, वाद्य घडवणाऱ्या कारागिराला वर्गात बोलवावे, भोपळ्याची सतार कशी होते ते त्याच्या तोंडून ऐकावे. चार, आपल्या संमेलनांनी परिसंवाद एक कमी करून तो वेळ मुलांना द्यावा. आणि शेवटचे, आईबापांनी डीजेवर जेवढा खर्च होतो त्याच्या दहाव्या हिश्शाचा एक हार्मोनियम शाळेला द्यावा. हार्मोनियम नको असेल तर रंग द्यावेत, रंग नको असतील तर पुस्तके द्यावीत. 'नक्को' म्हणणाऱ्याने बदल्यात काय देतो तेही सांगावे.

त्या नाटकाचे पुढे काय झाले ते सांगून थांबते. सरपंचबाईंचे काम दुसऱ्या मुलीला दिले. तीन दिवसांत तिचे पाठांतर पुरते झाले नव्हते. संमेलनाच्या दिवशी ती दोनदा अडखळली आणि दोन्ही वेळा पडद्याआडून हळू आवाजात पुढचे वाक्य आले. पडद्यामागे वही न घेता आमची पहिली सरपंचबाई उभी होती. तिला सगळ्यांचे संवाद पाठ होते. टाळ्या झाल्या, तिचे वडीलही टाळ्या वाजवत होते. आवाज कोणाचा होता हे त्यांना कळले की नाही, मला माहीत नाही.

आमची शाळा आठवीपर्यंतच. नववीला एस.टी.ने तालुक्याला जावे लागते. जूनमध्ये मी तिच्या घरी गेले. वडील नेहमीसारखेच अदबीने बोलले, चहा दिला. मग म्हणाले, "टीचर, बस में आना-जाना, लोगां क्या बोलेंगे?"

तेच वाक्य! मंचावर चढण्याला जे अडवते तेच एस.टी.त चढण्याला अडवते. मुलगी चारचौघांना दिसू नये, तिचा आवाज चारचौघांनी ऐकू नये, एवढेच त्याचे म्हणणे असते. कधी ते नाटकाच्या निमित्ताने बोलते, कधी शाळेच्या. म्हणून ज्यांना कला ही फावल्या वेळची बाब वाटते त्यांना मी सांगते, त्या दिवशी मी नाटकासाठी थोडी अधिक भांडले असते तर कदाचित जूनमध्ये मला नववीसाठी भांडावे लागले नसते.

ती मुलगी अजून घरीच आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवण्याची खटपट मी करते आहे. वडील हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांच्या गल्लीत नळावर खरोखरच भांडण झाले. तिची आई सांगत होती, ही पोर दारात आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि रांग लावून दिली. लोक काय बोलले ते मी मुद्दाम विचारले. आई म्हणाली, "कुछ नहीं बोले टीचर. रांग में खडे रहे."